व्हिनेगर, एक मिनिट आणि पांढरा डाग

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या गाजल्या. अंगावरून पांढरं जाण्यासारख्या तक्रारी घेऊन गेल्यावर ‘कॅन्सर होईल’ अशी भीती आपल्याला घातली गेली, असं त्यांतल्या अनेकींनी सांगितलं होतं. खरं तर पांढरं जाणं हे बहुतेकदा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पूर्वावस्था शोधायच्या प्राथमिक तपासणीला 3 ते 5 टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, पुरतं.

ते बोळ्याने गर्भाशयमुखावर लावून मिनिटभर थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो, कारण तिथल्या वरच्या पेशींत केंद्रक इवलंसं असतं आणि प्रकाश आरपार जाऊन खालच्या रक्तवाहिन्यांचा रंग दाखवतो. बिघडू लागलेल्या पेशींत केंद्रक फुगलेलं, प्रथिनं दाटीवाटीने. आम्लाने ती साकळतात, उकडताना अंड्याचा पांढरा भाग साकळतो तशी. प्रकाश आत न शिरता परततो आणि डाग पांढरा दिसतो. अंड्याचं मात्र पूर्ववत होत नाही. हा डाग काही मिनिटांत विरतो.

केंद्रक फुगतं एचपीव्ही विषाणूमुळे. त्याचं ई6 प्रथिन पेशीतल्या पी53 या पहारेकऱ्याचा नाश घडवतं, ई7 हे विभागणीला लगाम घालणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं. मग डीएनए बिघडलेला असतानाही पेशी विभागत राहते. कॅन्सर व्हायला यानंतरही बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. तपासणीला एवढी सवड मिळते, हेच या आजाराचं वैशिष्ट्य.

टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख महिलांवर याच तपासणीचा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. तरी तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. (दुसऱ्या गटाला तपासणी न देण्यावर टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.) उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या अभ्यासात मात्र व्हिनेगरपेक्षा एचपीव्ही चाचणी सरस ठरली: एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले.

पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. सूज असली तरी तो उमटतो. खात्रीसाठी कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख पाहणं) आणि गरजेनुसार बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) करतात. आणि हो, व्हिनेगर पिऊन यातलं काहीही बरं होत नाही.

पूर्वावस्थेतला डाग अतिथंड वायूच्या सळईने गोठवतात: 3 मिनिटं गोठवणं, 5 मिनिटं थांबणं, पुन्हा 3 मिनिटं. पूर्ण भूल लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. डाग मोठा किंवा आत गेलेला असेल, तर विजेच्या तारेच्या कड्याने तेवढाच भाग कापून काढतात.