सामूहिक वनहक्काचा दावा : सी फॉर्म भरण्याआधी गावात काय करायचं

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वनहक्क कायदा, 2006 नुसार असा दावा करायला फी लागत नाही. वैयक्तिक दाव्याची 4 हेक्टरची मर्यादाही इथे नाही.

गावात अनुसूचित जमातीची किंवा तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, राहून जंगलावर जगणारी इतर कुटुंबं हवीत. थोडी असली तरी चालतात. 75 वर्षांची अट वास्तव्याची आहे, ताब्याची नव्हे. अनेक ठिकाणी इथेच चुकीचे कागद मागितले जातात.

दावा ग्रामसभेचा असतो. गावात 300 प्रौढ असतील तर निदान 150 जण हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला. सह्या-अंगठे सभेतच घ्या. मागाहून घरोघरी फिरून भरलेलं रजिस्टर छाननीत उघडं पडतं. याच सभेत 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडा : दोन-तृतीयांश अनुसूचित जमातीचे, एक-तृतीयांश महिला.

फॉर्मची गल्लत सर्वात महागात पडते. बी फॉर्म निस्तार (घरगुती गरजेसाठी जंगलातून लाकूडफाटा, गवत आणणं), चराई, मासेमारी, गौण वनोपज (तेंदूपाने, मध, मोहफुलं असं इमारती लाकूड सोडून मिळणारं उत्पन्न) यांसाठी. जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क सी फॉर्मनेच मिळतो. दोन्ही भरा.

नकाशासाठी म्हाताऱ्या माणसांना घेऊन शीव पायी फिरा. नाला, टेकडी, देवराई, जुनं तळं, मसणवट अशा खुणा नावानिशी टिपा. कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या तुकड्याला दिलेला नंबर) माहीत नसल्यास दावा अडत नाही. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असेल तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून तो आधी मिटवावा.

पुरावे किमान दोन प्रकारचे : निस्तारपत्रक (गावाच्या निस्तार हक्कांची सरकारी नोंद), गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), वनखात्याची कार्य आयोजना (जंगलाच्या कामांचा आराखडा), प्रत्यक्ष खुणा, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. जागेच्या पाहणीची लेखी सूचना वन आणि महसूल खात्याला देऊन पोच घ्या. पाहणीला आलेल्यांची सही, हुद्दा, तारीख अहवालावर हवीच.

ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. नाकारण्याची कारणं लेखी मागा.

अधिकारपत्र (हक्क मान्य झाल्याचा सरकारी कागद) हाती आलं की क्षेत्र आणि सीमा आपल्या नकाशाशी ताडून पाहा. क्षेत्र कमी भरलं, तर दुरुस्तीचा अर्ज लगेच करा.