देवदाराचा जीव गाभ्यात

देवदाराची फळी घेताना आधी तिचे टोक पाहावे. मधला भाग पिवळसर तपकिरी असतो, तर सालीकडचा पट्टा पांढुरका. वाळवी आणि बुरशीला दाद न देणारे लाकूड ही देवदाराची ख्याती फक्त मधल्या भागाची. पांढरा पट्टा ओलीत राहिला की साध्या लाकडासारखाच कुजतो. कोवळ्या झाडात तर जवळजवळ सगळे लाकूड पांढरेच, म्हणून बारीक वाशांवर भिस्त ठेवू नये.

फरक पडतो तेलाने. खोड जाड होत जाते तसे आतल्या थरांचे पाणी वाहण्याचे काम थांबते आणि तिथे हिमाचलीन, अटलांटोन यांसारखी सुगंधी द्रव्ये साठतात. किडीला ती मानवत नाहीत.

अफगाणिस्तानापासून पश्चिम नेपाळपर्यंतच्या हिमालयात, साधारण १५०० ते ३२०० मीटर उंचीवर हे झाड वाढते. ४०-५० मीटर उंच होते. हिमाचलातल्या काठकुणी घरांत त्याच्या तुळया आणि दगड यांचे थर आलटूनपालटून रचतात, चुना-सिमेंट न लावता. भूकंपात भिंत किंचित हलते, पण तुळया तिला बांधून ठेवतात. लाकडाचा इतका नेमका उपयोग क्वचितच दिसतो. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या स्लीपरसाठी मात्र याच टिकाऊपणापायी कितीतरी डोंगरउतार उघडे झाले.

जे तेल लाकूड राखते, तेच रंगकाम बिघडवते. गाठींजवळ ते पाझरते आणि रंग चिकटच राहतो किंवा पोपडे धरतो. गाठी टर्पेंटाइनने पुसून, वाळवून, त्यांवर चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात द्यावेत, मगच रंग लावावा. टोकाजवळ खिळा ठोकण्याआधी बारीक भोक पाडावे, नाहीतर फळी चिरते.

नवे झाड लावणाऱ्याला बियांची वेळ सांभाळावी लागते. बी धरणारे, पिंपासारख्या घाटाचे शंकू पिकले की झाडावरच खवल्या-खवल्यांनी सुटतात आणि पंखवाले बी वाऱ्यावर जाते. म्हणून शरद ऋतूत, शंकू तपकिरी होऊ लागताच उतरवून उन्हात वाळवतात. बी तेलकट असल्याने साध्या साठवणीत लवकर निकामी होते. त्याच हंगामात पेरले, तर हिवाळ्याची थंडी मिळून वसंतात उगवण चांगली होते. वाफ्यात पाणी तुंबले, तर रोपे मातीलगत सडून आडवी पडतात. त्यामुळे निचरा आधी, पेरणी नंतर.