मोरचूद, चुना आणि सिलिकॉन

नुसते मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, पाण्यात कालवून फवारले तर पाने करपतात, चुना घातला की करपत नाहीत. द्राक्षवाल्यांना हे तोंडपाठ असते. फ्रान्समधील मेदोक भागात वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे हेच निळसर मिश्रण शिंपडत. त्या वेली केवडा या बुरशीसारख्या रोगातून वाचल्याचे १८८२ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या नजरेस आले आणि १८८५ मध्ये हेच मिश्रण बोर्डो मिश्रण म्हणून जगापुढे आले. कौतुक झाले ते बुरशी मारणाऱ्या तांब्याचे. तांबे बांधून ठेवणारा, पानाला त्याच्या विषापासून सांभाळणारा चुना मात्र जोडीदार म्हणूनच राहिला.

धातूंच्या विषापासून झाडाला सांभाळणाऱ्या सिलिकॉनची, म्हणजे वाळूतल्या मूलद्रव्याची, उपेक्षा याहून मोठी. ज्यावाचून झाडाचे जीवनचक्र पुरे होत नाही तेच आवश्यक अन्नद्रव्य, असा निकष आर्नन आणि स्टाउट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये घालून दिला. सिलिकॉन त्यात बसला नाही. निकष चोख होता, पण संकटात कोण उपयोगी पडते हे त्यातून कळणे शक्य नव्हते. ते कळले १९५७ मध्ये, विल्यम्स आणि व्लामिस या संशोधकांच्या बार्लीवरच्या प्रयोगांतून. मँगनीज हा धातू जास्त झाला की बार्लीच्या पानांवर तपकिरी ठिपके पडतात, कारण धातू एकेका जागी साचतो. सिलिकॉन दिल्यावर मँगनीज पानभर सारखे पसरले आणि ठिपके गेले. गंमत म्हणजे पानातले एकूण मँगनीज फारसे घटले नव्हते!

फुलझाडांपर्यंत हे यायला बराच काळ गेला. कुंडीत मातीऐवजी पीटसारखे (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींचे) माध्यम वापरले की मातीतून आपसूक मिळणारा सिलिकॉन तुटपुंजा पडतो, त्यामुळे हरितगृहवाल्यांना त्यात रस वाटू लागला. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तांब्याचा जाच सोसणाऱ्या झिनिया आणि अँटिऱ्हिनम या फुलझाडांना सिलिकॉन देऊन पाहिला. झिनिया तो भरपूर साठवते, अँटिऱ्हिनम जवळजवळ नाहीच. तरी फायदा दोघांनाही दिसला.

विषारी धातूंपासून झाडाला वाचवण्याच्या इतर अन्नद्रव्यांच्या रीती वेगळ्या. फॉस्फेट मातीतच शिशाला न विरघळणाऱ्या रूपात अडकवते, तर जस्त मुळाच्या दाराशी कॅडमियमशी जागेसाठी झगडते. शोभेची झाडे पोटात जात नाहीत, म्हणून अशा धातूंनी दूषित जमिनीवर ती लावावीत असे सुचवले जाते. आपल्याकडे मात्र झेंडूचे निर्माल्य होते, निर्माल्याचे खत होते आणि ते खत परसातल्या भाजीलाही पडते.