घरी आणि घराबाहेर रेकॉर्डिंग: सामान घेण्याआधी वाचायचं पत्रक

आमच्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न माइकबद्दल असतो. कोणता चांगला, कितीला, मोठे गायक वापरतात तसा मिळेल का. त्यावर आम्ही उलट दोन प्रश्न विचारतो: एका वेळी किती जण गाणार-वाजवणार, आणि कुठे बसून? जवळजवळ सगळी खरेदी या दोन उत्तरांवर ठरते. किमतीचं नंतर बघू. पुष्कळदा ती तुम्ही मनात धरलेल्या आकड्यापेक्षा कमीच निघते.

हे पत्रक शास्त्रीय आणि सुगम गाणाऱ्यांसाठी, पेटी-तबल्याच्या साथीदारांसाठी, भजनी मंडळांसाठी आणि ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्यांसाठी आहे. गिटार किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. पण आमचे बहुतेक ग्राहक जमिनीवर बसून गातात, आणि बाजारातलं सामान उभ्याने किंवा खुर्चीत बसून गाणाऱ्याच्या हिशेबाने बनतं. हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

एकटे, दोघे की मंडळ

एकटे गात असाल आणि तानपुरा ॲपवर लावत असाल, तर एक माइक आणि दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारा छोटा डबा) पुरेसा आहे. फोकसराइट स्कार्लेट २आय२ हा त्यातला सर्वांत ओळखीचा. लॅपटॉपच्या यूएसबी वायरवरच तो चालतो, वेगळा अडॅप्टर लागत नाही, आणि पिशवीत टाकून कुठेही नेता येतो. गाणं आणि पेटी, किंवा पेटी आणि तबला, असे दोघे असतील तरी हाच पुरतो.

तिघे झाले की गणित बदलतं आणि इथेच लोक फसतात. स्कार्लेट ४आय४ या नावातला चार हा आकडा बघून चार माइक जोडता येतील असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला माइक दोनच जोडता येतात. उरलेले दोन इनपुट कीबोर्डसारख्या लाइन सिग्नलसाठी आहेत. चार माइक खरोखर जोडायचे असतील तर बेहरिंगर यूएमसी४०४एचडीसारखा इंटरफेस बघावा लागतो, आणि तो भिंतीतल्या विजेवर चालतो. देवळात, शेतावरच्या घरात किंवा वीज जाणाऱ्या गावात त्याचा भरवसा धरू नका.

म्हणून भजनी मंडळांना आम्ही इंटरफेसऐवजी हातात मावणारा रेकॉर्डर सुचवतो. झूम एच६ला चार माइक जोडता येतात, वर स्वतःचे दोन माइक असतात, आणि तो साध्या एए सेलवर चालतो. लॅपटॉप नको, वायरींचं जंजाळ नको. २०२४मध्ये आलेल्या एच४इसेन्शियल आणि एच६इसेन्शियल या मॉडेलमध्ये ३२ बिट फ्लोट रेकॉर्डिंग आहे. त्यात आवाजाची पातळी आधी बेतून ठेवावी लागत नाही. कुजबुज आणि टाळांचा गजर एकाच फाइलमध्ये न फाटता येतात, पातळी नंतर लावून घ्यायची. मंडळात रेकॉर्डिंगकडे लक्ष द्यायला वेगळा माणूस नसतो, सगळेच गात असतात. त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. माइकलाच मर्यादेपलीकडचा आवाज झाला तर मात्र हे तंत्रही काही करू शकत नाही, म्हणून टाळकरी माइकपासून लांबच हवेत.

इंटरफेसशिवाय थेट संगणकाला जोडायच्या यूएसबी माइकबद्दल नेहमी विचारलं जातं. एकट्याने शिकवणी घ्यायला तो सोपा आणि चांगला आहे. पण पुढे पेटीसाठी दुसरा यूएसबी माइक जोडू असा बेत असेल तर थांबा. प्रत्येक यूएसबी माइकचं अंतर्गत घड्याळ वेगळं असतं. दोन एकत्र चालवायला संगणकावर खटाटोप करावा लागतो, आणि लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये दोन ट्रॅक (एकेका माइकची वेगवेगळी रेकॉर्डिंगं) हळूहळू एकमेकांपासून सरकू शकतात.

माइकआधी खोली

फ्लॅटमधल्या खोलीत गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेची खिडकी असते. तिथे गायलेलं गाणं रेकॉर्डिंगमध्ये बाथरूममध्ये गायल्यासारखं येतं, आणि माइक जितका महाग तितकं ते अधिक स्पष्ट ऐकू येतं. यावर पहिला खर्च करा, आणि तो अगदी थोडा आहे. खाली जाड सतरंजी, गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर टाकलेल्या एक-दोन जाड गोधड्या, शक्य असेल तर समोर कपड्यांचं उघडं कपाट. गोधडी पाठीमागे का? कारण माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं. मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज सरळ त्यातच शिरतो.

भिंतीला लावायचे फोमचे चौकोन आम्ही विकतो, तरी स्पष्ट सांगतो: ते खोलीतला घुमणारा आवाज कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. रस्त्यावरचे हॉर्न आणि शेजारच्या कुकरची शिट्टी फोममधून आरपार येते. अंड्यांचे ट्रे लावण्याचा तर दोन्ही कामांना फारसा उपयोग नाही. बाहेरच्या आवाजाला उपाय दोनच, शांत वेळ निवडणं आणि माइक जवळ आणणं. पंखा बंद करावा लागतो, त्याला इलाज नाही.

माइक

माइक मुख्यतः दोन जातींचे. कंडेन्सर नाजूक, बारीक तपशील टिपणारे. त्यांना इंटरफेसकडून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. डायनॅमिक दणकट असतात, त्यांना वीज लागत नाही, आणि लांबचे आवाज त्यांच्यात कमी येतात, मुख्यतः आपण ते तोंडाशी धरतो म्हणून.

शांत खोली मिळत असेल तर गळ्यासाठी कंडेन्सर घ्या. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० यापासून सुरुवात करायला हरकत नाही. या माइकची स्वतःची खरखर २० डेसिबल आहे, तर रोड एनटी१-एची फक्त ५, आणि हा फरक दाखवून महाग माइक विकणं आम्हाला सोपं आहे. पण शहरातल्या घरात रात्रीची शांतताही बहुधा ३० डेसिबलच्या वरच असते. खोलीच्या आवाजाखाली माइकची खरखर झाकली जाते. हा फरक ऐकायचा तर आधी तेवढी शांत खोली हवी; तोवर ते पैसे चांगल्या स्टँडवर आणि हेडफोनवर लावा.

रस्त्यालगत घर असेल, मुलं खेळत असतील, किंवा माइक गावोगाव न्यायचा असेल, तर शूअर एसएम५८. १९६६पासून हा माइक बाजारात आहे आणि पडझड सोसण्याबद्दल त्याचा लौकिक खरा आहे. एसएम५७ त्याच्या एक वर्ष आधीचा, आतून त्याचाच भाऊ. तबल्याला आणि पेटीला आम्ही तो देतो.

पॉडकास्टच्या व्हिडिओंमुळे शूअर एसएम७बी मागणारे पुष्कळ येतात. माइक उत्तम आहे, पण त्याचा सिग्नल क्षीण असतो. शूअर स्वतःच त्याला किमान ६० डेसिबल गेन (इंटरफेसने सिग्नल वाढवून देणं) असावा असं सांगते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या स्कार्लेटचा गेन ५६ डेसिबलवर संपतो. चौथ्या पिढीत तो ६९पर्यंत गेला आहे. शिवाय हा माइक पाऊण किलोचा आहे, हलका स्टँड त्याच्या वजनाने वाकतो. सतत ने-आण असेल तर आम्ही तो सुचवत नाही.

माइक कुठे ठेवायचा

हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याला पैसे लागत नाहीत. माइक आणि गायक यांतलं अंतर निम्मं केलं की गळ्याचा आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा आवाज आहे तेवढाच राहतो. म्हणजे दोन फुटांवरचा माइक एका फुटावर आणणं हे पुष्कळदा महाग माइक घेण्यापेक्षा मोठी सुधारणा करून देतं. फार जवळ, चार बोटांवर आणलात तर मात्र खर्ज फुगतो आणि प-फ-भ ही अक्षरं फुटतात. ख्यालासाठी साधारण एक वीत ते एक फूट, ओठांच्या किंचित वरून आणि बाजूने, समोर पॉप फिल्टर (तोंडाची हवा अडवणारी जाळी). तार सप्तकात जाताना मान मागे घेण्याची सवय असेल तर ती खूप कामाला येते.

पेटीच्या बाबतीत लोक माइक समोरून लावतात, म्हणजे नेमका भात्यासमोर. मग भात्याची हवा आणि लाकडाची करकर सुरांच्या बरोबरीने येते. पेटीचा सूर वरच्या जाळीतून निघतो. माइक वरून, फूटभर उंचीवरून, जाळीकडे तोंड करून आणि भात्यापासून थोडा दूर लावा. पट्ट्यांची खडखड फार येत असेल तर माइक वर न्या, बाजूला सरकवू नका.

तबल्याला एकच माइक असेल तर तो तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, फूटभर वर, किंचित डग्ग्याकडे झुकवून. चाटेचा, म्हणजे तबल्याच्या कडेचा, आवाज मुळातच तीक्ष्ण असतो, तो सहज येतो. डग्ग्याचा घुमारा मिळवावा लागतो. दोन माइक असतील तर एकेक द्या, पण दोन्ही माइक एकमेकांपासून, त्यांच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट लांब राहतील असं बघा. नाहीतर एकच ठोका दोन्हीकडे थोड्या फरकाने पोचतो आणि एकत्र केल्यावर पोकळ वाटतो. तबला-डग्ग्यात हे नेहमी साधत नाही. न साधल्यास एकाच माइकवर समाधान माना, तो अधिक चांगला वाजेल.

तिघे एकत्र असताना मैफलीची बैठक बदलावी लागते. मैफलीत तबलजी गायकाच्या उजव्या हाताला बसतो. रेकॉर्डिंगला त्याला गायकाच्या समोर बसवा. वर सांगितलेले सगळे माइक कार्डिऑइड आहेत, म्हणजे समोरचं ऐकतात आणि पाठीकडचं सर्वांत कमी. समोरासमोर बसल्यावर गायकाच्या माइकची पाठ आपोआप तबल्याकडे होते. नजरेला नजर राहते, समेवर येणंही सोपं जातं.

तानपुरा स्पीकरवर लावून गाऊ नका. तो गळ्याच्या ट्रॅकमध्ये मिसळला की मागाहून कमी-जास्त करता येत नाही, आणि एखादी तान पुन्हा गाऊन जोडायची म्हटली तर जोड उघडी पडते. हेडफोनमध्ये ऐका, एक कान मोकळा ठेवून, स्वतःचा आवाज ऐकत गाणं बहुतेकांना जमतं.

स्टँड, हेडफोन, वायरी

बैठकीला बुटका, आडवा दांडा असलेला स्टँड हवा. नेहमीचा उंच स्टँड पूर्ण खाली केला तरी पेटीच्या वर नीट येत नाही, आणि त्याचे तीन पाय तबलजीच्या मांडीत शिरतात. माइकनंतर लागलीच घ्यायची वस्तू हीच.

हेडफोन मागून बंद असलेले, वायरचे. सोनी एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, पुष्कळदा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची. त्यात एवढा उशीर म्हणजे लय धरणं अशक्य. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते चालू ठेवलंत की स्वतःचा आवाज संगणकात न फिरता थेट कानात येतो. खरेदीच्या वेळी ते बटण आहे का, हे नक्की बघा.

वायरी तीन मीटरच्या पुरतात.

संगणक, फोन आणि वीज

नवा लॅपटॉप घेऊ नका. दोन-चार ट्रॅकसाठी आहे तो चालेल. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या रेकॉर्डिंगच्या दर्जाला एक ट्रॅक तासाला साधारण अर्धा जीबी होतो, चार ट्रॅक दोन जीबी. ३२ जीबीच्या कार्डात चार ट्रॅकचं पंधरा तासांचं रेकॉर्डिंग मावतं. पातळी लावताना सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. सॉफ्टवेअरमध्ये ऑडॅसिटी फुकट आहे, मॅक आणि आयपॅडवर गॅरेजबँड फुकट आहे, आणि रीपर ६० दिवस वापरून बघता येतं.

यूएसबी-सी असलेल्या फोनवरही इंटरफेस चालतो (आयफोनमध्ये हे २०२३च्या १५ मालिकेपासून). कंडेन्सर जोडल्यावर काही फोन पुरेशी वीज देत नाहीत, तेव्हा वीज पुरवणारा हब लागतो. तुमचा स्वतःचा फोन घेऊन या आणि जोडून बघा, आमच्या शब्दावर विसंबू नका.

रेकॉर्डिंगमध्ये घूं असा एकसुरी आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा आहे, माइकचा नाही. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

पावसाळा

कंडेन्सरचा आतला पडदा दमटपणाने बिघडतो. मग मधूनच चटचट आवाज येतो आणि सिग्नल पडतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर माइक स्टँडवर लावून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारे निळे दाणे असतील तर ते गुलाबी झाले की बदला. मूळ खोक्यातला स्पंज ओल धरतो, त्यात ठेवू नका. एसएम५८ला एवढी काळजी लागत नाही, किनाऱ्याकडच्या भजनी मंडळांना तो देण्याचं हेही एक कारण आहे.

दुकानात येताना

खोलीचा फोटो आणि त्या खोलीत फोनवर रेकॉर्ड केलेलं दोन मिनिटांचं गाणं सोबत आणा. पहिलं अर्धं मिनिट कुणी काही न बोलता खोलीचा आवाज तसाच रेकॉर्ड करा. त्यावरून कंडेन्सर की डायनॅमिक हे आम्ही बहुतेकदा लगेच सांगू शकतो. स्वतःच्या गळ्यावर दोन-तीन माइक लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि नंतर न घेतल्यास आम्हाला वाईट वाटत नाही. पेटी किंवा तबला घेऊन येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे मागची खोली रिकामी ठेवता येईल.