चाटून बघू का?

खनिजाचा एखादा देखणा फोटो समाजमाध्यमांवर आला की खाली हमखास कुणीतरी विचारतं, 'चाटला तर चालेल का?' क्वार्ट्झची खडीसाखर, फ्लोराइटची जेली, पट्टेदार कॅल्साइटचं बेकन. 'फॉरबिडन स्नॅक' (खायला मनाई असलेला खाऊ) या नावाने हा विनोद जगभर फिरतो. गंमत तशी जुनीच आहे म्हणा. चीनमधल्या चिंग राजवटीतल्या कुणा कारागिराने जॅस्पर या पट्टेदार दगडाच्या तुकड्यातून चरबीच्या थरांसकट मांसाचा तुकडा घडवला. तैपेईच्या संग्रहालयात तो बघायला आजही झुंबड उडते.

आणि भूशास्त्रज्ञ दगड खरोखरच चाटतात. का चाटतात, हे रंगवून सांगणाऱ्या भूशास्त्रज्ञ यान झालासिएविच यांना २०२३चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं. कारण साधं आहे. कोरड्या, खरबरीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो. ओलावा लागला की विखुरणं कमी होतं आणि भिंगाखाली कण स्पष्ट दिसतात. शिवाय हॅलाइट, म्हणजे खनिज मीठ, खारट लागतं, त्याच्यासारखंच दिसणारं सिल्व्हाइट कडवट. जीवाश्म झालेलं सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं, साधा दगड सहसा चिकटत नाही.

मग धोका कुठे? विनोद करणारे बहुधा मूलद्रव्याचं नाव बघून घाबरतात: तांबं, पारा, बेरियम. पण खरा प्रश्न असतो ते खनिज कशात विरघळतं याचा. चाल्कॅन्थाइट हे गर्द निळं, अगदी चोखायच्या गोळीसारखं दिसणारं खनिज म्हणजे आपलं मोरचूद. द्राक्षबागांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर हेच असतं. पाण्यात, म्हणजे लाळेतही, ते सहज विरघळतं. पोटात गेलं तर उलट्या, जास्त गेलं तर यकृत आणि मूत्रपिंडाला इजा. उलट हिंगूळ पाऱ्याचा असूनही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो तापवला की मात्र पाऱ्याची वाफ सुटते, आणि ती घातक. हिंगूळ चाटा असं मी म्हणत नाहीये!

सगळ्यात बोलकी जोडी बेरियमची. बेरियमचे आयन रक्तात गेले की पेशींमधली पोटॅशियमची ये-जा बिघडते, स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय चुकते. विदराइट, म्हणजे बेरियम कार्बोनेट, पाण्यात फारसं विरघळत नाही, पण जठरातलं आम्ल त्याला विरघळवतं. म्हणून इंग्लंडमध्ये ते उंदीर मारायला वापरत. बराइट मात्र बेरियम सल्फेट. आम्लालाही ते दाद देत नाही. अन्ननलिकेचा एक्स-रे काढण्याआधी दवाखान्यात जो पांढरा घोळ प्यायला देतात, तो याच संयुगाचा, शुद्ध करून बनवलेला. मूलद्रव्य तेच, पण एक विष, दुसरं तपासणीचं साधन.

महाराष्ट्राचा वाटा या फोटोंमध्ये मोठा आहे. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत गरम पाण्यातून स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटसारखी झिओलाइटं (आत सूक्ष्म पोकळ्या असणारी खनिजं) वाढली, सोबत अॅपोफिलाइटही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतले कॅव्हन्साइटचे निळे गोळे तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत.

याच झिओलाइट घराण्यातल्या एरिओनाइटवर मात्र कुणी विनोद करत नाही, कारण ते लोकरीच्या बारीक तंतूंसारखं दिसतं. तुर्कस्तानात कॅपाडोशियाच्या काही गावांत घरं त्याच खडकाची होती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं मेसोथेलिओमा या कर्करोगाने गेली. चाटून नव्हे, त्याची धूळ श्वासातून आत गेल्याने.