बार भरण्यापासून नेम जोखण्यापर्यंत : हातभरणीच्या पिस्तूल काडतुसांच्या चाचणीची पार्श्वभूमी

मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ज्यांनी ठासणीची जुनी बंदूक, म्हणजे तिकडच्या बोलण्यातली भरमार, जवळून पाहिली आहे, त्यांना हाताने बार भरणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि शेवटी घोडा आदळताच ठिणगी देणारी टोपी. प्रत्येक बार हातचा असल्यामुळे प्रत्येक बार थोडा निराळा होई. पण रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) तूर राखण्यासाठी जागलीला बसणाऱ्या शेतकऱ्याचे त्यामुळे काही अडत नसे, कारण जनावर हुसकावायला बहुतेक वेळा आवाजच पुरे. बार उडाला की फुसका निघाला, एवढीच त्याची कसोटी.

हातभरणीच्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या कवचात पुन्हा हाताने दारू, टोपी आणि गोळी भरून केलेल्या, पिस्तूल काडतुसाची अचूकता तपासणे हा याच कामाचा पुढचा, बराच काटेकोर टप्पा आहे. नेम चुकला तर दोष नेमबाजाच्या हाताचा, शस्त्राचा की भरलेल्या काडतुसाचा, हे वेगळे काढता येणे हाच या चाचणीचा गाभा असून तिचा इतिहास म्हणजे हे तीन दोष एकमेकांपासून सोडवण्याचा इतिहास होय. त्याची सुरुवात पिस्तुलापासून झाली नाही. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 मध्ये तोफशास्त्रावरील आपल्या ग्रंथात लंबकाची युक्ती मांडली : टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडायची आणि तो किती झुलला यावरून गोळीचा वेग काढायचा. दारूचे माप बदलले की वेग किती बदलतो, हे त्यामुळे अंदाजाने नव्हे तर आकड्यात सांगता येऊ लागले. 1860 च्या दशकात ले बूलांजे या बेल्जियन अधिकाऱ्याने विद्युत तारांच्या दोन पडद्यांमधला गोळीचा प्रवासकाळ मोजणारे यंत्र तयार केले. आजच्या नेमबाजाचा क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, त्याच कुळातला आहे.

पिस्तुलाच्या बाबतीत खरी अडचण पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या कवचाची होती. स्मिथ अँड वेसनच्या 1857 च्या रिव्हॉल्व्हरमधले धातूचे काडतूस सोयीचे खरे, पण त्याचे पेटते मिश्रण पुंगळीच्या कडेत असल्यामुळे एकदा झाडलेली पुंगळी पुन्हा भरता येत नसे. मध्यभागी वेगळी टोपी बसवण्याची पद्धत 1860 च्या दशकात स्थिरावली आणि पुंगळीला दुसरा जन्म मिळाला. येथे इतिहासाने एक गमतीदार उलटापालट केली आहे. अमेरिकन बर्डनच्या रचनेत ऐरण, म्हणजे ज्यावर टोपीतले मिश्रण चेपले जाऊन पेटते तो टेकू, पुंगळीतच असते आणि ठिणगीला सहसा दोन छिद्रे असतात. इंग्रज बॉक्सरच्या रचनेत ऐरण टोपीत असते आणि छिद्र एकच, मधोमध, त्यामुळे वापरलेली टोपी साध्या सुईने आतून ढकलून काढता येते. युरोपात बर्डनची पद्धत रुजली, अमेरिकेत बॉक्सरची. अमेरिकेत हातभरणी घरोघरचा छंद झाली, त्यामागे तिथल्या बंदूकप्रेमाइतकाच या एका छिद्राचा वाटा आहे, असे मला वाटते.

1884 हे वर्ष दोन अर्थांनी महत्त्वाचे ठरले. जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये भरणीची हातयंत्रे बनवणारी आयडियल कंपनी काढली आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूरविरहित दारू सिद्ध केली. काळी दारू मापात थोडी कमीजास्त झाली तरी सांभाळून घेत असे. नवी दारू तशी नव्हती. पिस्तुलाच्या इवल्या पुंगळीत तिचा किंचितसा फरकही दाब आणि वेग बदलून टाकतो. मापाच्या डबीच्या जोडीला तराजू आला तो यामुळे.

तरीही हाताची थरथर शिल्लक होतीच. मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी काँक्रीटच्या भक्कम खांबावर नळी जखडून वर्षानुवर्षे गोळ्या झाडल्या आणि 1909 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते प्रयोग रायफलींचे होते, पण माणसाला बाजूला काढायचे हा धडा पिस्तुलालाही लागू पडला आणि पुढे रॅन्सम रेस्टसारखी पिस्तूल धरणारी यंत्रे आली. मोजणीतही सुधारणा झाली. लक्ष्यावरील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर गोळ्यांची संख्या वाढेल तसे वाढत जाते, म्हणून तीन गोळ्यांचा आटोपशीर पुंजका दाखवून भरणीची फुशारकी मारणे व्यर्थ असते. मध्यापासूनचे सरासरी अंतर हे त्याहून प्रामाणिक माप आहे.

विदर्भात या शास्त्राला घरगुती वाट मिळाली नाही. वऱ्हाड 1853 मध्ये आणि नागपूर 1854 मध्ये इंग्रजांच्या हाती गेले, 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याची चौकट घट्ट केली, आणि स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्याने ती पुढे चालवली. त्यातील कलम 13 मध्ये पीकराखणीच्या ठासणीच्या बंदुकीचा आवर्जून उल्लेख आहे. मात्र कलम 5 नुसार दारूगोळा तयार करणेच नव्हे, तर त्याची चाचणी घेणेही परवान्याविना करता येत नाही. परिणामी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात सैन्यासाठी दारू तयार होते, पुलगावात दारूगोळ्याचे प्रचंड भांडार आहे, आणि त्यांच्याच आसपासच्या गावांत काडतूस भरून पाहणे हा गुन्हा ठरतो. हे मला विसंगत वाटत नाही. दारूच्या अपघाताची किंमत पुलगावने 2016 च्या आगीत मोजली आहे.

स्पर्धेच्या नेमबाजाला, तो नागपूरचा असो वा एखाद्या तालुक्याच्या गावचा, हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. ऑलिंपिकच्या 25 मीटर पिस्तुलाला 0.22 इंची काडतूस लागते, आणि त्याचे पेटते मिश्रण कडेत असल्यामुळे त्याची हातभरणी व्यवहारात होत नाही. तिथे भरणी बदलण्याऐवजी लॉट, म्हणजे कारखान्यातली एकेक खेप, बदलतात : शस्त्र शिकंज्यात जखडून कारखान्याच्या निरनिराळ्या लॉटची काडतुसे झाडायची आणि ज्याचा पुंजका सर्वांत आवळ येईल त्याचीच खोकी हंगामासाठी घ्यायची.