अंतिम आजारातील आत्मकथनांचे वाचन

बरा न होणारा आजार झाल्याचे कळल्यावर लेखकाने स्वतःविषयी लिहिलेले पुस्तक वाचण्याची रीत. आजारातून उठलेल्यांची पुस्तके यात धरत नाहीत. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ किंवा पद्मजा फाटक यांचे ‘हसरी किडनी’ मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे, पण तिथे लेखक बरा होऊन मागे वळून पाहतो. इथे तो आजारातच असतो. आपण किती दिवस जगणार हे त्याला लिहिताना ठाऊक नसते, वाचकाला मात्र मलपृष्ठावरच कळलेले असते. वाचनातल्या बहुतेक अडचणी या एका फरकातून येतात.

सोलापूर जिल्ह्याला हा विषय परका नाही. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांतले रुग्ण तीत नोंदले जातात. नोंदवहीत आजाराचे नाव स्पष्ट असते. घरात ते अजून चाचरतच घेतले जाते. ‘गाठ आहे’, ‘तो आजार’, फार तर ‘मोठं दुखणं’. पुष्कळदा रुग्णालाच पूर्ण सांगितलेले नसते. त्यात मरणाविषयीचे पुस्तक म्हटले की गरुडपुराण आठवते, आणि ते एरवी घरात वाचू नये, असे मानणारी मंडळी कमी नाहीत.

वाचायला बसण्याआधी पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पाच तारखा लिहाव्यात: पहिले लक्षण, निदान, लेखनाची सुरुवात, मृत्यू, प्रकाशन. हे काम दहा मिनिटांचे. न केल्यास नुकसान मोठे. पॉल कलानिथी या मेंदूच्या शल्यविशारदाला २०१३ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले, मार्च २०१५ मध्ये तो गेला आणि पुस्तक जानेवारी २०१६ मध्ये आले. त्याच्या गाठीत ईजीएफआर हा जनुकबदल सापडल्याने एर्लोटिनिबच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्याच जनुकबदलावरची पुढच्या पिढीची गोळी, ओसिमर्टिनिब, अमेरिकेत नोव्हेंबर २०१५ मध्ये मंजूर झाली. म्हणजे लेखक गेल्यावर आणि पुस्तक दुकानात येण्याआधी. असे पुस्तक डॉक्टरांपुढे ठेवून ‘हीच गोळी आम्हाला द्या’ म्हणणे त्यामुळे दुहेरी चुकते: औषध मागच्या पिढीचे असू शकते, आणि आपल्या रुग्णात तो जनुकबदल असेलच असे नाही.

दुसरी चूक आकड्यांची. ‘सरासरी आठ महिने’ असे वाचले की घरची माणसे कॅलेंडर काढतात. हा आकडा बहुधा मध्यक असतो: निम्मे रुग्ण तेवढ्या काळात जातात, निम्मे त्याहून जास्त जगतात, काही तर कितीतरी जास्त. जीवाश्मांचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातल्या मेसोथेलिओमाचे निदान झाले. मध्यक आठ महिन्यांचा होता. त्यावर त्यांनी १९८५ मध्ये निबंध लिहिला आणि ते २००२ मध्ये, वेगळ्याच कर्करोगाने गेले. अर्थात गूल्ड यांनाही मोजपट्टी करू नये. किती रुग्ण किती काळ जगले याचा आलेख काढला तर त्याच्या लांब शेपटीत फार थोडी माणसे असतात.

पुस्तकाची ठेवण आजार ठरवतो, आणि खरी गोडी तिथे आहे. केमोच्या अनेक औषधक्रमांत दोन डोसांमध्ये एकवीस दिवस असतात. पहिल्या दिवसांत मळमळ आणि थकवा, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी, तिसऱ्या आठवड्यात थोडी उभारी. लिहायला मिळतो तो बहुधा हा शेवटचा आठवडा. म्हणून तारखा घातलेल्या प्रकरणांत तीन-तीन आठवड्यांची अंतरे दिसली तर तो लेखकाचा आळस समजू नये. इतिहासकार टोनी जट यांना एएलएस हा स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार झाला. हात चालेनात तेव्हा ते रात्री जागेपणी मनातल्या मनात मजकूर रचत, आठवणीतल्या एका स्विस शॅलेच्या, म्हणजे डोंगरातल्या लाकडी घराच्या, खोल्याखोल्यांतून तो ‘ठेवत’ आणि दिवसा सांगून लिहवून घेत. त्यांची प्रकरणे आखूड आणि घट्ट का, ते यावरून कळते. कर्करोगाने गेलेले पत्रकार ख्रिस्तोफर हिचन्स यांच्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण तर नुसती टिपणे आहेत. ती सलग वाचायचा हट्ट धरू नये. एकेक टिपण वाचून थांबावे. कलानिथीच्या पुस्तकाचा शेवट त्याच्या पत्नीने लिहिला. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये: आजारकथा नसूनही ‘स्मृतिचित्रे’चा शेवट लक्ष्मीबाई टिळकांच्या मुलाने पुरा केला आहे.

अशी पुस्तके ग्रंथालयात शोधताना दोन कपाटे पाहावी लागतात. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणात चरित्रे ९२० ला आणि कर्करोग ६१६.९९४ ला जातो. एकाच प्रकारची दोन पुस्तके दोन टोकांना सापडतात. ‘आरोग्य’च्या कपाटातली प्रत नेणारा उपाय शोधत आलेला असतो, म्हणून देवाणघेवाणीच्या खिडकीशी बसणाऱ्याने ‘यात उपचार नाहीत’ एवढे सांगितले तरी पुरते.

गटात मोठ्याने वाचायचे तर मराठी गद्य मिनिटाला साधारण ११० शब्दांनी जाते. १६० पानांचे, पानाला पावणेतीनशे शब्दांचे पुस्तक म्हणजे ४४ हजार शब्द, ४०० मिनिटे. पाऊण तासाच्या नऊ बैठका. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा बैठक संध्याकाळी सातनंतरच. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की कोणी येत नाही, तेव्हा वेळापत्रक आधीच सैल ठेवावे. सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारे वाचक पुष्कळ आहेत. ‘उपशामक’, ‘विक्षेप’ असे शब्द त्यांनाच काय, मराठी घरांतही अडतात. ‘दुखणं कमी करायचा इलाज’, ‘आजार दुसरीकडे पसरला’ असे वाचता वाचताच सांगावे.

रुग्णाला वाचून दाखवायचे असेल तर त्याला स्वतःच्या आजाराबद्दल काय माहीत आहे, हे आधी घरच्यांना नव्हे, त्यालाच विचारावे: ‘डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?’ उत्तर ‘गाठ काढली, आता बरं वाटेल’ असे आले तर पुस्तक पिशवीतच राहू द्यावे. त्याला कळले असेल आणि ऐकायची इच्छा असेल तर पंधरा मिनिटे पुरेत, तीही वेदनेची गोळी लागू झाल्यावर. पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करायलाच हवी असे नाही. बालपणाची प्रकरणे आधी घेतलेली चालतात. आणि लेखक गेल्यानंतर दुसऱ्याने लिहिलेले प्रकरण रुग्णाने मागितल्याशिवाय वाचू नये. ते कुठून सुरू होते ते पान आधी दुमडून ठेवावे.